नाव शोधणारं बोट

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की पंख्याच्या घरघरीत अर्धं जातं. आमचे बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी असंच म्हणायचे, आणि भिंतीला टेकलेली म्हातारी माणसंसुद्धा बस्करासकट पुढे यायची. मी काही बुवा नाही. गळ्यात सूर नाही, पाठांतर कच्चं. जन्मभर समोर बसून ऐकत आलो. मी मुकुंद यशवंत निकुंभ, धंद्याने शिंपी, राहणार नाशिक. पण एक आख्यान माझ्याजवळ आहे, आणि ते माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही. एका बोटाचं आख्यान आहे. ते काय शोधत होतं आणि कुठे जाऊन थांबलं, एवढंच सांगायचंय. ऐका.

आमच्याकडे नदीकाठी तीर्थोपाध्यायांची घरं आहेत. घरातलं कुणी गेलं की माणूस अस्थी घेऊन येतो, विधी होतो, आणि मग उपाध्याय कपाटातून वही काढतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या कुळाचं पान निघतं. तुमच्या पणजोबाने तिथे लिहिलेलं असतं: मी अमुक, वडील अमुक, भाऊ अमुक, मुलगे अमुक, अमुक शकात आलो. लिहिता येत नसेल तर उपाध्याय लिहायचे आणि येणारा खाली आपल्या धंद्याची खूण काढायचा. कुणब्याचा नांगर, आमची कातर. याला लेख म्हणतात. बायकांची नावं त्यात बहुधा नसतात. ज्याचं नाव लेखात आहे तो त्या कुळाचा, मग तो जगाच्या पाठीवर कुठेही असो.

शिवणकामाचं माझं दुकान बंद पडलं त्याला आता चार वर्षं होतील. मापं घेऊन कपडे शिवणारी यंत्रं चौकाचौकात आली, तिथे माझ्या टेपला कोण विचारतो! मग आमच्या कुळाचे उपाध्याय वामनगुरुजी यांनी मला बोलावलं. "मुकुंदा, तुझ्या हाताला घाम येत नाही. जुन्या वह्यांची पानं उलटायला असाच हात लागतो. ये." तेव्हापासून मी त्यांच्याकडे पानं उलटतो.

गेल्या मार्गशीर्षात हुमेरा तांबोळी नावाच्या बाई यंत्र घेऊन आल्या. संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ, वय चाळिशीचं, बोलणं खणखणीत. यंत्राला लांबलचक नाव होतं. गुरुजींनी ते एकदा ऐकलं आणि म्हणाले, "कागद हुंगतं ना हे? मग हुंग्या म्हणू." संस्थेच्या पत्रातही पुढे तेच नाव आलं.

मी विचारलं, "मॅडम, अक्षरं तर आम्हीही वाचतो. हा वेगळं काय वाचणार?"

"काका, हा अक्षरं वाचतच नाही. हात वाचतो. जुना कागद कशाचा करायचे?"

"चिंध्यांचा."

"म्हणजे कापडच की. तुमच्या सदऱ्यात घाम मुरतो, तसा यात बोटांचा मुरलाय. घामाबरोबर कातडीच्या पेशीही. प्रत्येक पेशीत त्या माणसाची ओळख."

त्यांनी एक ओलसर, पारदर्शक पडदा काढला, नवरीच्या ओढणीइतका पातळ. तो पानावर दहा मिनिटं ठेवायचा. शाईला धक्का न लावता तो कागदातलं तेवढंच उचलून घेतो. मग पडदा यंत्रात सरकवायचा. पडद्यावर काय काय आलंय ते हुंग्या जागच्या जागी मोजतो, आणि समोर पानाचं चित्र उमटतं. एका माणसाच्या स्पर्शाला एक रंग. बोट सरकलं असेल तर तेही दिसतं, कारण पेशी मागे सांडत जातात. आमची खडूची रेघ जशी सुरुवातीला जाड आणि पुढे पुसट होत जाते ना, तशी.

"आणि स्पर्श कधीचा, ते?"

"प्रथिनं म्हातारी होतात, काका. त्यांच्यातले काही दुवे फार संथपणे बदलतात. उन्हात कापडाचा रंग उतरतो तसे. किती उतरलेत ते मोजायचं. तारीख नाही सांगता येत. नव्या पानात एक-दोन वर्षं मागे-पुढे, जुन्यात आठ-दहा."

गुरुजींची अट होती की ज्या कुळाची परवानगी असेल त्याच कुळाचं पान हुंगायचं. पहिल्या प्रयोगासाठी मी आमचं दिलं. मनात म्हटलं, शिंप्याच्या घरात लपवण्यासारखं काय निघणार?

आमच्या पानावर दोन जुने लेख आहेत. पहिला शके अठराशे एकतीसचा. माझे पणजोबा काशिनाथ आणि त्यांचा धाकटा भाऊ लहानू आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. काशिनाथची सही आहे. लहानूला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याने कातर काढलीय, एक पातं लहान, एक मोठं. दुसरा लेख चौदा वर्षांनंतरचा, एकट्या काशिनाथचा. "बंधू लहानू देशांतरास गेला. बारा वर्षे बातमी नाही. सबब पालाशविधी केला."

हुमेराबाईंना कळेना. गुरुजींनी सांगितलं. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं काहीच कळलं नाही, तर पळसाच्या देठापानांचा देह करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग तो गेला असं धरायचं. घरच्यांनी वाट बघणं तिथे संपतं.

पडदा यंत्रात गेला. चित्र उमटलं. लहानूचा रंग निळा धरला होता, त्याच्या कातरीवरून घेतलेला. दुसऱ्या लेखात जिथे "बंधू लहानू" लिहिलंय, नेमका तिथे बोटाएवढा निळा ठिपका होता.

बाईंनी पडदा काढून परत सरकवला. पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "लेख लिहिला त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी हा हात इथे लागलाय. आणि काका, शेजारी जो डाग आहे त्यातलं प्रथिन घामात नसतं. डोळ्यांच्या पाण्यात असतं."

लहानू जिवंत होता. तो नाशिकला आला, कुळाचं पान काढायला लावलं, कुणीतरी त्याला वाचून दाखवलं. "कुठे लिहिलंय?" असं त्याने विचारलं असेल, आणि दाखवलेल्या जागी बोट ठेवलं असेल. वाचता न येणाऱ्या माणसाने आपलं मरण असं हाताने चाचपून पाहिलं आणि परत फिरला. घरी कुणालाच कळलं नाही.

गुरुजी हळहळले. "अरे, परत आलेल्याला शास्त्रात वाट आहे. पुन्हा जन्मसंस्कार करायचे, पुन्हा बारसं करायचं, झालं. त्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी पडद्याकडे बघत बसलो. कारण माझ्याही धाकट्या भावाला घर सोडून येत्या वैशाखात बारा वर्षं होणार होती.

हेमंत माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पेटी वाजवायचा, आणि काय वाजवायचा! देवळातल्या कीर्तनात बुवा आलाप सोडून देत आणि तो पुढे नेई, तेव्हा मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटे की मी मान खाली घालून बसायचो, कुणाला दिसू नये म्हणून. उजव्या हाताची करंगळी वाकडी, लहानपणी शिलाईयंत्रात गेलेली. ती पट्ट्यांना कधी टेकायची नाही, वर उभी राहायची. आता त्या जागी दुसरा वाजवतो. चांगला वाजवतो. मी त्याच्याकडे बघत नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि हेमंतची बायको चैताली. माझं लग्न झालं नाही, त्यांना मूल झालं नाही. ती शाळेत शिकवायची. संध्याकाळी दोन ताटं, जेवताना दोन-चार वाक्यं, तीही भाजीची. मी कीर्तनाहून परत आलो की ती विचारायची, "आज कोणतं आख्यान?" मी सांगायचो. पेटी कोणी वाजवली, हे तिने कधी विचारलं नाही.

फाल्गुनात मालेगावहून तिच्या भावाचा फोन आला, बारा वर्षं भरत आली म्हणून. मग तीच म्हणाली, मेथी निवडता निवडता, वर न बघता.

"दादा, वैशाखात विधी करून टाकू."

"घाई काय आहे?"

"घाई?" तिने जुडी खाली ठेवली. "बारा वर्षं झाली आणि तुम्ही घाई म्हणता? सटाण्याला माझी मैत्रीण मुलींचं वसतिगृह चालवते. मला बोलावतेय. मी तिथे गेले तर लोक विचारतील, तुमचे मिस्टर? काय सांगू? आहेत म्हणू, का नाहीत म्हणू? एक काहीतरी मला म्हणता आलं पाहिजे."

"विधी न करताही जाता येतं तुला. मी अडवतोय का?"

"तुम्ही कशाला अडवाल! दार अडवतं. रोज संध्याकाळी माझा हात कडीवर जातो आणि वाटतं, पाच मिनिटं थांबू, येतील. हा हात थांबवा एकदा माझा."

मी तिला लहानूचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे आपण विधी केला आणि ते आले तर, असंच ना?"

"हो. म्हणून म्हणतो, आधी बघू. हुंग्याला विचारू. तो कधी येऊन वही बघून गेला असेल तर कळेल."

"आणि नसतील आले तर?"

"तर मी स्वतः अग्नी देईन."

त्याच्या स्पर्शाचा नमुना लागणार होता. तिने आतून पेटी आणली. बारा वर्षांत तिने तिच्यावरचं कापड फक्त धुवायला काढलं होतं. हुमेराबाईंनी पट्ट्यांवरून पडदा फिरवला तेव्हा चैताली शेजारी उभी राहून म्हणाली, "जपून. तिसरी पट्टी अडकते."

आता मला जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुजींना नाही, देवासमोर सुद्धा नाही.

वडील गेले तेव्हा हेमंत कीर्तनाच्या साथीला कोकणात होता. फोन बंद. वडिलांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, आणि ते दाराकडे बघत गेले. हेमंत तिसऱ्या दिवशी आला. सगळं केलं त्याने, डोकं भादरलं, दहा दिवस बसला. पण माझ्या मनातलं ते दार मिटलं नाही. नदीकाठचे विधी झाले आणि लेख लिहायची वेळ आली. गुरुजींचे वडील तेव्हा होते. हेमंत पाणी आणायला खाली गेला होता. मी पेन घेतलं आणि लिहिलं. वडील, आजोबा, पणजोबा, काका, चुलतभाऊ. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या मुलाचंसुद्धा नाव लिहिलं, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावाचं लिहिलं नाही. वही मिटली.

पुढे सव्वा वर्ष मी एका घरात त्याच्याशी बोललो नाही. "चैताली, त्याला सांग जेवायला बस." तो समोर असायचा. वैशाखात एके सकाळी तो टाळ घेऊन गेला, पेटी ठेवून गेला.

चैत्रात वडिलांच्या लेखाचं पान हुंग्यापुढे ठेवलं. हुमेराबाई, गुरुजी आणि मी. चैतालीची शाळा होती.

हेमंतचा रंग हिरवा धरला होता. पान उमटलं. पान हिरवं झालं होतं. वडिलांच्या नावापासून रेघ सुरू झालेली, जाड. मग आजोबा, काका, चुलतभाऊ, प्रत्येक ओळीखालून सावकाश सरकत गेलेली. शेवटच्या नावापर्यंत. मग ती वर गेली होती आणि पुन्हा खाली आली होती. आणि सगळ्यात शेवटी, ओळी संपतात त्याच्याही खाली, कोऱ्या जागेत, एक गडद ठिपका. बोट तिथे बराच वेळ टेकलं होतं.

"सात ते नऊ वर्षांपूर्वी," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गेला सिंहस्थ. लाखो माणूस आलं होतं रे. दिवसाला शंभर जणांना वह्या दाखवल्या मी. चेहरे कुठले लक्षात राहतात!"

बाई पानावर वाकून वाचत होत्या. "काका, यात तुमच्या भावाचं नाव कुठे आहे? मला सापडत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या कोऱ्या जागेकडे, आणि हळूच यंत्राचा आवाज बंद केला.

त्या गेल्यावर गुरुजींनी मला ओसरीवर बसवलं. "तुला ठाऊक आहे ना? बारा वर्षं शेवटच्या बातमीपासून मोजतात. ही बातमीच आहे. आता वैशाखात विधी होत नाही. अजून चार वर्षं तरी थांबायला हवं."

"चैतालीला काय सांगू?"

"माझं वय झालंय मुकुंदा. मी काय पाहिलं, ते माझ्या लक्षात राहीलच असं नाही." ते आत गेले.

घर तिथून पाच मिनिटांवर. मला त्या दिवशी तास लागला. काही सापडलं नाही, एवढं म्हटलं की झालं. वैशाखात पळसाचा देह जळेल, ती सटाण्याला मोकळी होऊन जाईल, आणि माझी करणी त्या वहीत मिटलेली राहील. सगळ्यांच्या सोयीचं. रस्त्यात देवळात बुवांचं कीर्तन लागलं होतं. मी दारातच उभा राहिलो. आत पेटीचा सूर धरलेला होता, आणि मला दिसली ती वर उभी राहिलेली वाकडी करंगळी, पानावरून सरकणारी. आपलं नाव शोधणारी. मला आत जाववलं नाही.

चैताली वह्या तपासत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नाव गाळलं तेही. तिने लाल पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे आठ वर्षांपूर्वी जिवंत होते."

"हो."

"नाशिकमध्ये होते. इथून पाच मिनिटांवर."

"हो."

"बोट दोनदा फिरलं म्हणालात?"

"दोनदा. खाली, आणि परत वरून."

ती हसल्यासारखी झाली. "पहिल्यांदा वाटलं असेल, नजरचूक झाली आपली." मग एकदम डोळे भरले तिचे. "नाव गाळायला शाई लागत नाही, नाही का, दादा?"

मी तिच्या पाया पडायला वाकलो. मोठा दीर मी. ती झटकन मागे सरली. "नको. ते मला पेलायचं नाही."

"गुरुजी म्हणतात बारा वर्षं आता नव्याने—"

"तुम्ही मोजा." ती उठली. "मी नाही मोजणार. मी समजत होते, त्यांना यायला जमत नाहीये. ते आले होते. तुमच्या पानापर्यंत आले आणि माझ्या दारापर्यंत आले नाहीत. तुमचा राग होता, माझा काय होता? मला विधी नको आणि वाटही नको. विचारलं कुणी तर सांगेन, गेले आहेत, कुठे ते ठाऊक नाही. खरं तेच सांगेन. इतकी वर्षं हेच मला का सुचलं नाही?"

शाळेचं वर्ष संपल्यावर ती सटाण्याला गेली. निघताना पेटी माझ्या खोलीत आणून ठेवली. "सूर लावता येत नसला तरी भाता हलवत जा. नाहीतर उंदीर लागतात."

मी म्हटलं, "गुरुजींना विचारलंय. लेखात तुझंही नाव लिहितो, हेमंतच्या शेजारी. आता लिहितात बायकांची."

"माझं नको, दादा. मला कुणी शोधत यायला नकोय." रिक्षात बसल्यावर मात्र तिने मान बाहेर काढली. "त्यांचं लिहा. ठळक लिहा."

वैशाखात, हेमंत गेला त्याच तिथीला मी लिहिलं. गुरुजींनी वही पुढे ठेवली, मी हुंग्या आल्यापासून घालायचे ते हातमोजे काढून बसलो. कोऱ्या जागेत हिरवा ठिपका उघड्या डोळ्यांना दिसत नाही, पण मला त्याची जागा पाठ होती. ती सोडून, तिच्या अगदी शेजारी लिहिलं: "धाकटा बंधू हेमंत. हे नाव तेरा वर्षे उशिरा लिहिले. चूक मुकुंदाची." खाली सही केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सहीशेजारी एक कातर काढली.

आता घरात एक ताट असतं. संध्याकाळी दाराच्या कडीवर माझा हात जातो आणि पाच मिनिटं थांबतो. पेटीचा भाता रोज हलवतो. तिसरी पट्टी अजून अडकते. महिन्यातून एकदा हुमेराबाई येतात, मी न विचारताच आमच्या पानावर पडदा ठेवतात. अजून नवा हिरवा ठिपका नाही. त्या म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू, काका." चांगली बाई आहे.

झालं आख्यान. मी आरतीचं ताट फिरवणार नाही, माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही गावोगाव जाता, कीर्तनं ऐकता. बुवांकडे बघाच, पण एकदा पेटीवाल्याच्या उजव्या हाताकडेही बघा. करंगळी वाकडी असेल, पट्ट्यांना टेकत नसेल, तर कीर्तन संपेपर्यंत थांबा. त्याला जाब विचारू नका, घरी चल म्हणू नका. हेमंत यशवंत निकुंभ, एवढं नाव लक्षात ठेवा, आणि त्याला म्हणा: वहीत नाव आहे, शेवटच्या ओळीखाली, तुझं बोट टेकलं होतं तिथेच.